दरीचा हेवा

सातवीच्या मुलींना घेऊन आम्ही गडावर गेलो होतो. माझ्या वर्गातली सुमन हजेरीलाही ओठातल्या ओठात 'हजर' म्हणते. "मोठ्याने बोल गं," म्हणून वर्षभर मी घसा कोरडा केला. तीच सुमन कठड्यापाशी उभी राहिली आणि स्वतःचं नाव दरीत खणखणीत ओरडली. दरीनेही ते लगेच परत केलं. मग दोघींचं कितीतरी वेळ चाललं होतं.

खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. दरीने ना तिला कधी समजावलं, ना शाबासकी दिली. नुसती उघडी पडून राहिली होती.

उतरताना मी लाडाने विचारलं, "काय बोलत होतीस गं दरीशी?"

"काही नाही, बाई," ती पुटपुटली.

मी मागे वळून दरीकडे पाहिलं, सवतीकडे पाहावं तसं.