ओली की ओटी

माझ्या सासूबाई, म्हणजे अत्तम्मा, गेल्याचा नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. त्याला महिना झाला. माणसं भेटायला येतात, ‘सासू नव्हे, आईच होती तुझी’ म्हणतात आणि मी मान हलवते. आई होती की मालकीण, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

मी शुक्रवार पेठेतली, बाबा कारकून. अत्तम्मा तेलुगू विणकर घरातल्या, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायच्या. त्यांच्या मुलाचं आणि माझं कॉलेजात जमलेलं. लग्न ठरवायला त्या घरी आल्या तेव्हा बाबा हुंड्याच्या धास्तीनं अर्धे झाले होते. त्याच म्हणाल्या, “हुंडा नको आमाला. आमीच ओली देतो की.” बाबांना ऐकू आलं ‘ओटी’. “भरा की, त्यात काय विचारायचं!” बाबा एकदम खुलले. अत्तम्मांनी सोन्याची साखळी त्यांच्या हातात ठेवली. मुलीची ओटी बापाच्या हातात कशी, एवढंही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी ती उचलून माझ्या पदरात टाकली. अत्तम्मांचे डोळे का भरून आले, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

‘ओली’ म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचं मोल, हे समजलं ते लग्नानंतर दोनेक वर्षांनी. नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं, मी पिशवी भरली आणि तो दारात आडवा उभा राहिला. अत्तम्मा हातातलं काम टाकून उठल्या. “सरक बाजूला. ओली मी दिली हिची, तू न्हाय. जाऊ दे तिला.” तो मुकाट सरकला, आणि जाताजाता मी ओलीचा अर्थ त्यालाच विचारून घेतला. रिक्षात बसल्यावर डोकं भणभणायला लागलं... ही माझी सुटका, की मी त्यांच्या मालकीची?

बाबा तर ऐकून जेवेनात. “म्हणजे मी पोरगी विकली?” साखळी घेऊन ते तडक अत्तम्मांकडे, मी मागोमाग. अत्तम्मांनी हातच पुढे केला नाही. “परत घेतली की लग्न मोडलं आमच्यात. आणि विकली कुटं? बाप ओली ठिवून घेतो. तुमी पोरीलाच दिली. लई मोठं मन तुमचं.” चुकून मोठे झालेले बाबा चहा पिऊन परत गेले. मी तिथेच राहिले.

माझ्याबरोबर शिकवणारी शाहीन हे ऐकून पोट धरून हसली. “हमारे में महर सीधा दुल्हन का होता, अब्बा का नइ.” म्हणजे माझ्या ओलीचं बाबांनी नकळत महर करून टाकलं होतं. मला हसू येत होतं आणि रागही. माझं मोल दिलं म्हणून मी वस्तू. मग हुंडा देऊन उजवलेल्या माझ्या मावशा कोण? त्यांना तर घेऊन जायचेच पैसे द्यावे लागले होते...

तेव्हापासून कुठेही निघताना मी अत्तम्मांच्या खोलीपाशी थांबून विचारायचे, “जाऊ का?” “जा की,” त्या म्हणायच्या. ती परवानगी होती की आमची थट्टा, दोघींनी कधी ठरवलंच नाही. परवा सवयीनं तिथेच थांबले. विचारलंही. मागून नवरा सहज म्हणाला, “जा की.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “तुला कुणी विचारलं?” म्हणाले आणि उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. तो बिचारा गोंधळून उभा. त्या दिवशी मी कुठे गेलेच नाही.