चौथा रकाना

वहिनीला ऑफिसात सगळे ‘मनधरणी’ म्हणत. तोंडावर मॅडम आणि पाठ वळली की मनधरणी. तिला ते ठाऊक होतं. “निदान कटकट तरी म्हणत नाहीत,” असं म्हणून ती हसायची. मी तिचा सख्खा धाकटा दीर. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि गणितात नापास झालो की प्रगतिपुस्तक दादाच्या आधी तिला दाखवायचो. पुढे माझे दोन धंदे बुडाले, तेव्हा तिनंच शब्द टाकून मला तिच्या कंपनीत, तिच्याच हाताखाली चिकटवलं. घरी वहिनी, ऑफिसात मॅडम. एकदा जेवताना माझ्या तोंडून “मॅडम, मीठ वाढा” निघून गेलं आणि दादाला हसता हसता ठसका लागला.

आमची कंपनी कारखान्यांना सॉफ्टवेअर बसवून देते. खरेदी, स्टोअर, उत्पादन, माल रवाना करणं, सगळं एकमेकांना जोडून. मशीनवर सॉफ्टवेअर चढवायला चार दिवस पुरतात. ते वापरायला माणसं तयार करण्यात वर्ष जातं. ज्याचं ज्याचं काम त्यामुळे बदलणार असतं त्याला आम्ही ‘स्टेकहोल्डर’ म्हणतो आणि अशा प्रत्येकाला राजी करणं हे वहिनीचं काम होतं. कंपनीत ती टेलिफोनवर बसायला म्हणून लागली होती. चिडलेल्या गिऱ्हाइकाला ती अशी गार करायची की कुणीतरी तिला उचलून या कामावर घातलं. मी आलो तेव्हा तिचे नऊ कारखाने पुरे झाले होते.

तिची एक रीत होती. पहिल्या भेटीत कुणाकडे सही मागायची नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. माणसाला मीटिंगमध्ये गाठायचं नाही, तो जिथे काम करतो तिथे जाऊन बसायचं, खुर्ची नसेल तर खोक्यावर. आधी त्याची तक्रार पूर्ण ऐकायची, मग पाणी प्यायचं, मग आपलं बोलायचं. मीटिंग भरेपर्यंत सगळे आतून राजी झालेले असत आणि आमचे थोरले साहेब ऐटीत विचारत, “मग, सर्वांना मान्य?” सगळे माना डोलवत. साहेबांना वाटायचं, आपल्या आवाजातच जादू आहे.

तिच्याकडे एक जाडजूड वही असायची. प्रत्येक पानावर रेघा मारून चार रकाने. पहिल्यात माणूस आणि हुद्दा, दुसऱ्यात त्याच्या शब्दाला वजन किती, तिसऱ्यात तो आपल्या बाजूचा की विरुद्ध. एवढं सगळ्याच कंपन्या लिहितात. चौथा रकाना मात्र तिचा स्वतःचा होता. त्यावर तिनं ‘मनातलं’ असं लिहिलेलं. उत्पादनप्रमुखापुढे लिहिलं होतं, ‘चारचौघांत विचारलं की नाहीच म्हणतो. जिन्यात विचारावं.’ खरेदीवाल्या बाईंपुढे, ‘शंका त्यांची त्यांनाच सुचू द्यावी.’ माणसं तिला काय काय सांगायची! ती वही ती घरी आणायची आणि कपाटात कपड्यांखाली ठेवायची. दादानं एकदा गमतीनं हात लावला तर त्यालाही बोलणी बसली होती.

दहावा कारखाना पंप बनवणारा होता. तिथलं घोडं स्टोअरपाशी अडलं. स्टोअरप्रमुखाला सगळे ‘कुलूप’ म्हणत, कारण चिठ्ठीशिवाय तो खुद्द मालकालाही साधा वॉशर देत नसे. सत्तावन्न वर्षांचा, हडकुळा, तोंड कायम आंबट. अकरा हजार सुटे भाग, आणि कुठला कुठल्या फळीवर हे त्याला पाठ. सॉफ्टवेअरचं नाव काढलं की म्हणायचा, “माझ्या डोक्यात आहे ते. वायर लावून काढून घ्या.” आमच्या पोरांना त्यानं दोनदा हाकललं.

वहिनी तीन आठवडे त्याच्याकडे जात राहिली. गॅस्केटच्या खोक्यावर बसायची. तो फळीवरून हात फिरवत माल काढायचा आणि तिच्या लक्षात आलं, की हा बघत नाही, चाचपतो. ती काही बोलली नाही. चौथ्या आठवड्यात तोच बोलला. दोन वर्षांपासून नजरेच्या मधोमध धूसर झालं होतं आणि ते वाढत होतं. कडेनं दिसायचं, समोरचं अक्षर दिसत नव्हतं. घरी फक्त बायकोला माहीत. निवृत्तीला तीन वर्षं होती. ती नीट पार पडावीत, एवढंच त्याचं मागणं होतं.

“स्क्रीन आली की मी उघडा पडणार, बाई,” तो म्हणाला.

“उलट स्क्रीनच तुम्हाला तारेल,” वहिनी म्हणाली. “अक्षरं बोटाएवढी करून देते. आणि डब्यावर यंत्र धरलं की ते आवाज करून सांगेल, बरोबर की चूक. बाकी माझ्याजवळ. माझ्याबाहेर जाणार नाही.”

तिनं शब्द पाळला. मागणीच्या कागदात लिहिलं, ‘स्टोअरमध्ये उजेड कमी असल्याने अक्षरे मोठी हवीत.’ आमचा प्रोग्रामर करवादला, “मग बल्ब लावा की!” पण त्यानं करून दिलं. आणि तो आंबट तोंडाचा माणूस रोज दुपारी तासभर त्या यंत्रावर हात बसवू लागला. त्याच्या हाताखालची सहा माणसं त्याच्यामागून आली. त्या दिवशी घरी आल्यावर वहिनी स्वयंपाक करता करता गुणगुणत होती. लग्नात गायली असेल तेवढीच, एरवी मी तिला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

तरीही काम सहा आठवडे मागे पडलं. चूक आमच्या कंपनीची होती. साहेबांनी प्रोग्रामर निम्मे केले होते. कारखान्याचे मालक जाब विचारणार होते आणि साहेबांना खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं हवं होतं.

वहिनी तेव्हा तिच्या आईच्या आजारपणासाठी आठवडाभर गावाला गेली होती. जाताना तिनं वही माझ्या हातात दिली. “पहिले तीन रकाने टंकून साहेबांना दे. चौथा नाही. समजलं ना?” मी म्हणालो, “वहिनी, मी काय लहान आहे?”

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, खुर्ची दिली. मी दीड वर्ष तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. ते म्हणाले, “तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आलंय. बरं, मॅडमच्या वहीत चार रकाने असतात ना? सगळेच टंका. माझ्यापुरतं हो, बाहेर कुठे जातंय!”

आता मी सांगू शकतो की मला फसवलं. लोकांना सांगतोच. पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला कळत होतं की यात काहीतरी काळंबेरं आहे. मी विचारलं नाही. टेबलावरचं पत्र बघितलं आणि दुपारभरात सगळी वही टंकून दिली.

मंगळवारी सकाळी बैठक भरली. लांब टेबल, मालक, कारखान्याचे मॅनेजर, सगळे प्रमुख. वहिनी आदल्या दिवशीच परतली होती. स्टोअरप्रमुख इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या शेजारी येऊन बसला. आज त्याच्या विभागाचं कौतुक होणार असं तिनं त्याला सांगितलं होतं. मी लॅपटॉपपाशी होतो. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “उशीर का झाला, हे आम्ही मोकळेपणानं मांडतो. अडचण सॉफ्टवेअरची नाही, माणसांची आहे. पुढचं पान घ्या.”

पान मीच पुढे सरकवलं.

पडद्यावर चार रकाने आले. चौथाही. स्टोअरप्रमुखाची ओळ पिवळ्या रंगानं उठवलेली. ‘डोळे अधू होत चाललेत. समोरचं अक्षर दिसत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षं निघायला हवीत.’

उत्पादनप्रमुखानं आपली ओळ वाचली आणि त्याचे कान लाल झाले, पण नंतर तोही पिवळ्या ओळीकडेच बघत राहिला. मग एकेक जण वळून स्टोअरप्रमुखाकडे बघायला लागला. सगळ्यांनी वाचलं होतं, तो सोडून. त्याला नुसता उजेडाचा चौकोन दिसत असणार. तो वहिनीकडे झुकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “काय लिहिलंय हो? आपलंच आहे का?”

त्याच्या आवाजात उत्सुकता होती. तो कौतुकाचीच वाट बघत होता.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ती त्याच्याकडे वळली. “तुमच्या डोळ्यांबद्दल लिहिलंय,” ती म्हणाली. “सगळं लिहिलंय. माझ्याच वहीतलं आहे.”

तो नजर थोडी बाजूला करून, कडेनं तिचा चेहरा बघायचा प्रयत्न करत होता. “मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं,” एवढंच म्हणाला. मग टेबलाच्या कडेला धरत धरत उठला. दारापर्यंत त्याला कुणी हात दिला नाही. वहिनी उठली होती, पण त्यानं तळहात आडवा धरला. महिन्याच्या आत कारखान्यानं डॉक्टरचा दाखला मागितला आणि त्याला घरी बसवलं. आमच्या कंपनीचा उशीर माफ झाला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. साहेबांचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. वहिनी बैठकीनंतर त्यांच्या केबिनमध्ये गेली. मी बाहेर होतो, दार उघडंच होतं. तिनं विचारलं, “चौथा रकाना तुम्हाला कुणी दिला?” साहेब कागदांवरून मान वर न करता म्हणाले, “तुमच्या घरातूनच आला, मॅडम.” तिनं त्याच दुपारी राजीनामा दिला. एकवीस वर्षांची नोकरी, आणि टेबल आवरायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. स्टोअरप्रमुखाच्या घरी ती तीनदा जाऊन आली. त्याच्या बायकोनं तिन्ही वेळा बाहेरच्या बाहेर पाणी दिलं आणि सांगितलं, ते झोपलेत.

राजीनाम्याच्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा दादा अजून दुकानातून यायचा होता. शिलाई मशीन दुरुस्तीचं त्याचं दुकान गल्लीच्या टोकालाच आहे. वहिनी पाटावर बसून भाजी निवडत होती. मी समोर बसलो. पाठ करून आलेलं सगळं विसरलो.

“वहिनी, ते म्हणाले होते की फक्त त्यांच्यापुरतं—”

“चौथा टंकू नकोस असं मी सांगितलं होतं का नव्हतं?”

“सांगितलं होतंस.”

“पत्र मिळालं?”

मी मान हलवली. खिशातच होतं ते. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल, मारेल, घराबाहेर काढेल. तसं केलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. तिनं निवडलेली भाजी पातेल्यात टाकली, देठ कागदात गुंडाळले.

“तुझ्या दादाला मी दुकानात जाऊन सांगून आले,” ती म्हणाली. “गावाला जाताना वही ऑफिसात राहिली आणि साहेबांनी माझं टेबल उघडून ती घेतली, असं सांगितलंय. तू वेगळं काही बोलायचं नाहीस.”

“पण का?”

“त्यांना भाऊ एकच आहे,” ती म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली.

थोड्या वेळानं दादा आला. हाताला मशीनचं तेल तसंच. चपला काढायच्या आधीच त्याची सुरुवात झाली. एकवीस वर्षं जिनं कंपनी पोसली तिच्याशी असं वागतात? बाईमाणसाचं टेबल उघडतात? बोलता बोलता तो माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “असल्या माणसाला दारात उभं करू नये. तूच सांग, करावं का?”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“नाही, करू नये,” मी म्हणालो.