सुरगाण्याच्या दोघींचा समेट

"त्या दोघींच्या खाटा वेगवेगळ्या खोल्यांत लाव," आमच्या संस्थेच्या प्रमुख ताई म्हणाल्या.

नाशिकच्या एका महिला संस्थेत मी काउन्सेलर होते. काउन्सेलरने उपदेश करायचा नसतो, ऐकून घ्यायचं असतं. त्या दुपारी सुरगाण्याच्या यमुना आणि सखू आमच्या शेल्टरमध्ये आल्या होत्या. दोघी विंचूरकडे मजुरी करून एकत्र राहत. भावाने यमुनाचं लग्न ठरवलं आणि दोघी पळाल्या.

"वेगळ्या का?" मी विचारलं.

"अगं, हे शहरातलं फॅड. तुम्हा आदिवासींत कुठून आलं? उद्या भाऊ येतोय, समेट करून देऊ."

समेट म्हणजे आमच्या संस्थेच्या भाषेत बाईला परत धाडणं. मी कोकणा आदिवासी, सुरगाण्याचीच. माझ्या घरी माझी जोडीदार शैला आहे, हे ताईंना चांगलं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडावर हे! अंगाचा तिळपापड झाला.

दोघींना आसरा मिळावा म्हणून मुंबईच्या एका गटाला फोन लावला. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचाच गट, मीही त्यांच्या मीटिंगला जायचे. तिथली एक म्हणाली, "हाऊ ब्यूटिफुल! ट्रायबल्समध्ये हे अॅक्सेप्टेड असतं ना?"

"भाऊ कोयता घेऊन शोधतोय."

"ओह. पण आमच्या फ्लॅटवर सगळ्या इंग्लिश बोलतात गं. अॅडजस्ट होतील का त्या?"

मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी भाऊ हवालदाराला घेऊन आला. ताईंनी चहा मागवला. मी हवालदाराला म्हटलं, "साहेब, दोघी सज्ञान आहेत. आधी त्यांचा जबाब घ्या." जबाब म्हणजे पोलिसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगणं.

"मी नाय येत," यमुना भावाला म्हणाली. "सखूसंगंच रहणार."

हवालदाराने लिहून घेतलं आणि भावाला बाहेर नेलं. ताई मात्र पेटल्या. "असल्या जोडीला माझ्या संस्थेत जागा नाही!"

"माझ्यासारखीला इतकी वर्षं कशी होती?"

मी दोघींना रिक्षात घालून घरी नेलं. शैलाने काही न विचारता कणीक वाढवली. पुढे त्यांनी ओझरला खोली घेतली, अजून एकत्र आहेत. मला मेमो मिळाला, मग राजीनामाही द्यावा लागला.

आता इतर संस्थांतल्या नव्या काउन्सेलरना मी कायदा शिकवते. शेवटी सांगते, घरात एक जादा गादी ठेवा. बहिणींच्या चळवळीत प्रत्येक बहिणीला जागा असतेच असं नाही.