शार्क, पांडा आणि चुकलेली फुली

मी सोनाळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माहेर दुसरबीडचं, त्यामुळे इथली बोली जिभेवर बसलेली नाही, पण कळते सगळी.

नववीला प्राण्यांचं वर्गीकरण शिकवून झालं होतं. गाइडमधून उतरवता येऊ नये म्हणून मी मुद्दाम विचित्र जोडी दिली: खोल समुद्रातला शार्क आणि बांबू खाणारा पांडा. साम्य आणि फरक लिहा. बहुतेकांनी बरोबर लिहिलं. पाठीचा कणा दोघांनाही. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, पांड्याचा हाडांचा. एकाला कल्ले, दुसऱ्याला फुप्फुसं. एका मुलीने मात्र पांड्याखाली लिहिलं होतं, 'अस्वल असल्यामुळे माणसाला फाडतो.' मी लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'पांडा गरीब प्राणी आहे.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील वही घेऊन आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला.

“म्याडम, हे चूक काऊन दिलं?” आवाजात राग नव्हता.

मी मोबाइलवर पांड्याचा व्हिडिओ लावला. तो बसून बांबू सोलत होता. ते नखांकडे बघत राहिले.

“हे बी अस्वलच हाय?”

“हो भाऊ. पण बांबू खातं.”

“आमच्याकडचं मोहाची फुलं खाते.” त्यांनी दुपट्टा सोडला. डावा कान जवळजवळ नव्हताच. “म्या बी फुलंच येचून राह्यलो होतो. वाकलो होतो, दिसलं नाही.”

मग त्यांनी वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. “अन् हे कूर्चा म्हणजे काय?”

'कानात असते ती' म्हणणं जिवावर आलं. मी नाकाचा शेंडा दाबून दाखवला. “हे असं. हाडासारखं, पण वाकतं.”

त्यांनी उजवा कान दुमडून पाहिला. “डॉक्टर म्हणे, कान पहिल्यासारखा होत नाही, आतलं गेलं. ते हेच असन.”

“हेच.”

“अन् त्या माशाचा सारा सांगाडा याचाच?”

“हो. दात मात्र कडक असतात.”

“मंग त्याच्यापासून बी लांबच राहा लागते,” असं म्हणून ते जरा हसले आणि वही माझ्याकडे ठेवून गेले.

संध्याकाळी मी शोधून वाचलं. पिंजऱ्यात उतरलेल्या माणसांना पांड्याने चावल्याचे प्रकार घडलेले होते. गरीब हा शब्द मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघून लिहिला होता.

सकाळी वर्गात सांगितलं की फुली माझी चुकली. मुलीला वही दिली आणि म्हटलं, वाक्य थोडं नेमकं कर. तिने पेन्सिलीचं टोक दातांत धरून विचार केला. मग 'माणसाला'च्या आधी लिहिलं, 'जवळ गेलं तर'.

मी गुण दिला.