गोकुळनं उचललेला रुमाल

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत माणसाची ओळख एका शब्दात उरकते. समोरचे मास्तर, कोपऱ्यावरचा टेलर, आमचे हे म्हणजे वीजवाले. शेजारच्या गोकुळसाठी मात्र गल्लीला अख्खं वाक्य करावं लागतं, आणि तेही धड पूर्ण होत नाही. "तो ना, तो बकऱ्यांचे व्हिडिओ करतो. म्हणजे बकऱ्यांचे नाही, बाजाराचे. जाऊ द्या, आधी वाळूजला कंपनीत होता."

कंपनीत होता तेव्हा सगळं कसं सोपं होतं. कोपऱ्यावर बस यायची, अंगावर निळा शर्ट असायचा आणि दिवाळीला सोनपापडीचा डबा मिळायचा. त्यातला अर्धा आमच्याकडे यायचा, म्हणून मला पक्कं आठवतंय. ते सगळं सोडून गोकुळनं काठीला मोबाईल लावला आणि चॅनेल काढलं. त्याची बायको तनुजा शिकलेली आणि शांत. तिनं त्याला एवढंच सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघा. घर चालण्याइतकं मिळालं तर ठीक, नाहीतर निळा शर्ट इस्त्री करून ठेवलेला आहे." हे मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. आमच्या दोन गच्च्यांच्या मधली भिंत गुडघ्याएवढी आहे, त्याला मी काय करणार?

त्याच गच्चीवर गोकुळच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात होते, कारण तिथं उजेड चांगला. "राम राम पशुपालक बांधवांनो," म्हणून तो हात जोडतो आणि त्याच्या पाठीमागं आमची धुणी वाळत असतात. एकदा परभणीच्या कुणीतरी खाली लिहिलं, "दादा, माहिती छान. मागचा पट्ट्यापट्ट्याचा पायजमा आठवडाभर तिथंच आहे, कुणीतरी घडी घाला." तेव्हापासून मी पुढच्या दोरीवर पायजमे घालत नाही, इस्त्रीच्या साड्या घालते.

"काकू, साडी हलती, लोकांचं ध्यान तिकडं जातं," गोकुळ कुरकुरतो.

"मग जाऊ दे की. तुझ्या बोकडाला बघून कंटाळले असतील."

गोकुळचं घराणं मेंढरं-शेरडं राखणारं. पैठण रस्त्याकडच्या गावात अजून थोडी मेंढरं आहेत. त्यामुळे बाजारात तो शेरडाच्या दातावरून वय सांगतो, कासेवरून दूध सांगतो. पण लोक हे बघतात थोडंच? एका उस्मानाबादी शेळीनं त्याच्या माईकला लावलेला केसाळ गोंडा चावून गिळला, तोच व्हिडिओ तोवर सगळ्यात जास्त चालला होता. गोकुळ दोन दिवस रुसून होता. म्हणे आपण घसा कोरडा करून ज्ञान द्यायचं आणि नाव शेळीचं.

त्याचे वडील कडूबा नाना आठवडी बाजारातले जुने दलाल. लाल फेटा, कानात बाळी, खांद्यावर पांढरा रुमाल. बाजाराच्या आदल्या दिवशी कधीमधी मुलाकडे मुक्कामाला येतात आणि ओट्यावर बसून चहा पितात. मी त्यांना एकदा विचारलं, "नाना, रुमाल एवढा मोठा कशाला लागतो? तोंड तर एवढंसं."

"तोंड पुसाया नसतो त्यो, माय. भाव झाकाया असतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शेरडाचा सौदा बाजारात तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, मध्ये दलाल असतो, आणि वर रुमाल टाकतात. आत बोटांनी भाव बोलायचा. कोणतं बोट धरलं, कोणतं पेर दाबलं, त्यावरून आकडा. ज्यांचा हा धंदा, त्यांनाच ती खूण ठाऊक. बाजूला हजार माणसं उभी असोत, किती ठरलं ते फक्त हातांना कळतं.

"पण लपवायचं कशाला?" मी आपलं विचारलं.

"कुणाला गरज असती, माय. त्यो कमीत देऊन मोकळा होतो. त्याची गरज चारचौघांनी कामून बघायची?"

हे बोलणं चाललं होतं तेव्हा गोकुळ दारात उभा होता. मी ऐकत होते माणूस म्हणून, आणि तो ऐकत होता व्हिडिओवाला म्हणून. दिवाळी जवळ येत होती आणि निळा शर्ट खरोखरच खुंटीवर लटकत होता.

पुढच्या आठवड्यात नाना गावी असताना गोकुळ आमच्याकडे आला. "काकासाहेब, जरा हात पाहिजे तुमचा." काकासाहेब म्हणजे आमचे हे. रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी काही मागितलेलं नाही, त्यामुळे हात म्हटल्यावर ते अंघोळ करून, अंगठी घासून वर गेले. गच्चीवर दोन हात धरले, रुमाल टाकला, मग गोकुळनं कॅमेऱ्यासमोर हळूच रुमाल उचलला आणि एकेक खूण उलगडून दाखवली. लहानपणी नानांच्या मांडीवर बसून शिकलेली सगळी बाराखडी त्यानं पाच-सात मिनिटांत जगाला वाटली.

तनुजा मोबाईल धरून होती. संपल्यावर ती म्हणाली, "नानांना विचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? आपली परंपरा लोकांना कळू दे ना."

परंपरा असा शब्द गोकुळ अडचणीत आला की वापरतो.

तो व्हिडिओ सुटला. परभणी, बीड, जालना, पार सोलापूरपर्यंत गेला. औरंगपुऱ्यात भाजी घेताना एका पोरानं यांच्या अंगठीकडे बघून विचारलं, "चाचा, वो रुमालवाला हाथ आपकाच है क्या?" त्या दिवसापासून आमचे हे चहाचा कपसुद्धा अंगठी दिसेल असा धरतात. गोकुळच्या खात्यात पहिल्यांदाच घर चालेल इतकी रक्कम आली. गल्लीत पेढे वाटले गेले. तनुजानं निळा शर्ट खुंटीवरून काढून कपाटात ठेवला, हे मी खिडकीतून पाहिलं. खिडक्याही समोरासमोरच आहेत.

आणि मग बाजाराच्या दिवशी, दुपारी, बाजार अजून भरात असताना नाना पुंडलिकनगरला आले. एवढ्या लवकर ते बाजारातून कधी उठत नाहीत. रुमाल खांद्यावर नव्हता, घडी करून खिशात होता. ओट्यावर बसले. चहा दिला, तो तसाच निवला.

तनुजानं विचारलं तेव्हा बोलले. भामाबाई नावाची एक म्हातारी, त्यांच्याच गावची, दोन बोकड घेऊन आली होती. नातीला नर्सिंगला घालायचं होतं आणि फी भरायची तारीख तोंडावर, म्हणून थोडं कमी आलं तरी चालेल असं तिनं नानांच्या कानात सांगितलं होतं. नानांनी तिचा आणि व्यापाऱ्याचा हात घेतला, रुमाल टाकला. पांढरा रुमाल पातळ, बोटं वरून उमटतात. आजवर बघणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नव्हता. आता चार टगे मोबाईल घेऊन भोवती उभे होते. एकानं बोटं वाचली आणि आकडा मोठ्यानं ओरडला. लोक हसले. एवढ्या कमीत बोकड जातायत म्हटल्यावर दुसरा कोणता व्यापारी वर चढणार? भामाबाईनं हात काढून घेतला आणि दोन्ही बोकड दोरीनं ओढत घरी परत नेले.

"मंग बाकीचे दलाल म्हणले, कडूबा, तुझ्या पोरानं बाजार उघडा केला. तू आता बसू नको हितं."

गोकुळ आत खुर्चीवर बसून होता. बाहेर आला.

मला राहवलं नाही. "नाना, जाड टॉवेल घ्या की. माझा देते."

"जाड कापडात बोटाला बोट कळत नाय, माय."

नानांनी मुलाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुला शिकवलं तवा मी काय म्हणलो होतो?"

"हाताची गोष्ट हातात ठेवायची."

"आन तू कुठं ठेवली?"

गोकुळनं मोबाईल काढला, तो व्हिडिओ उघडला आणि नानांपुढं धरला. "नाना, हितं दाबलं की जाईल. तुमच्याच बोटानं दाबा." तनुजा दाराला टेकून उभी होती. कपाटातला शर्ट तिलाही दिसत असणार, तरी ती म्हणाली, "दाबा नाना. आम्ही बघू आमचं."

नानांनी मोबाईल हातात घेतला. आमच्या यांचा हात, अंगठी, रुमाल, सगळं शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं.

"हे दाबलं तर लोकांच्या डोक्यातून निघंल का रं?"

"नाय."

"मंग ऱ्हाऊ दे." मोबाईल परत दिला. "ह्यो हात कुणाचा?"

"काकासाहेबांचा," मी म्हटलं.

"लई मऊ हाय. बाजारात कुणी इश्वास ठेवणार नाय."

हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.

मग आठवडाभर नाना गावात दिसेनात. कुणी म्हणे पलीकडच्या गावी एका दलालाच्या मळ्यात गेले, कुणी म्हणे दुसऱ्याच्या घरी. पुढच्या बाजाराला मला अचानक ताजी मेथी पाहिजे झाली. पुंडलिकनगरात मेथी मिळते, पण बाजारासारखी नाही. गोकुळच्या मोटारसायकलमागं आमची स्कूटर. गोकुळनं काठी-मोबाईल घरी ठेवलेला. त्याशिवाय त्याचे हात कुठं ठेवावे त्याला कळत नव्हतं.

लिंबाच्या सावलीत नाना बसले होते, आणि बाकीचे दलाल त्यांच्या शेजारीच. भामाबाई त्याच दोन बोकडांना घेऊन उभी. नानांनी आधी तिला बाजूला घेऊन तिच्या बोटांवर काहीतरी समजावलं. मग व्यापाऱ्याचा हात, तोच पातळ पांढरा रुमाल. टगेही आले, मोबाईल काढून. नाना त्यांना हटकेनात. उलट जरा सरकून जागा दिली.

बोटं हलली. एक टगा पुढं झुकला, खुणा मोजल्या आणि आकडा ओरडला. केवढा तरी मोठा आकडा. आसपासची माणसं वळून बघायला लागली. भामाबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. रुमालाच्या आतला व्यापारी खाकरला. तेवढ्यात पलीकडून दुसरा व्यापारी घाईघाईनं आला, बोकडांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "नाना, हात द्या इकडं." बोकड त्या मोठ्या आकड्याला गेले असं काही नाही. पण गेल्या खेपेपेक्षा चांगलेच वर गेले, हे भामाबाईनं नेसूच्या ओच्यात पैसे खोवताना हात किती वेळ लावला त्यावरून मला कळलं. किती, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी प्रयत्न केला.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा गोकुळच्या डोक्यात प्रकाश पडला. "काकू, नानांनी खुणा बदलल्या. सगळ्या दलालांनी मिळून बदलल्या. जे माझ्या व्हिडिओत हाय ते आता सगळं खोटं झालं."

"म्हणूनच तो व्हिडिओ काढून टाकू दिला नाही बरं का," आमचे हे म्हणाले. त्यांचा हात जगात राहणार म्हणून ते खुशीत होते.

आता गंमत अशी की गोकुळचं नाव सगळ्या मराठवाड्यात खोटारडा म्हणून झालंय. लोक व्हिडिओ बघून बाजारात जातात, आकडा ओरडतात, तोंडावर पडतात आणि येऊन खाली लिहितात. बोगस चॅनेल. ह्याला बाजारातलं काय कळतं. उल्लू बनवतो. गोकुळला उत्तर द्यावंसं वाटतं, बोटं शिवशिवतात. पण खरं सांगितलं तर रुमाल पुन्हा उचलल्यासारखं होईल, म्हणून गप्प बसतो. ज्याच्या जिभेवर त्याचं घर चालतं त्याला गप्प बसायला लावणं, हे नानांना बरोबर सुचलं.

तनुजा शिव्या मोठ्यानं वाचून दाखवते. "ऐका, जालन्याचे एक जण म्हणतात, ह्याला बाजारात बांधून ठेवा." मग दुसऱ्या कुणी त्याला उलट उत्तर दिलेलं असतं, त्यावर तिसरा. जितकं भांडण, तितका व्हिडिओ पळतो. दिवाळी आली, गेली. निळ्या शर्टाचं कुणी नाव काढलं नाही. मीच एकदा विचारलं, तर तनुजानं त्याच शर्टानं काठीचा मोबाईल पुसून दाखवला.

एक मात्र राहिलं. नव्या खुणा नानांनी गोकुळला शिकवलेल्या नाहीत. त्यानं परवा ओट्यावर विचारलंच, मान खाली घालून, "नाना, मला तरी."

"कॅमेरा बंद असंल त्या दिशी ये."

"आत्ता बंदच हाय."

"खिशात काय हाय मंग?"

गोकुळनं खिसा चाचपला आणि आत निघून गेला. मोबाईल घरात ठेवायला गेला की रुसून, ते दार लागल्यामुळे मला दिसलं नाही.

नाना आणि आमचे हे दोघेच ओट्यावर उरले. मी यांना डोळ्यानं खुणावलं. यांनी खांद्यावरचा पंचा काढला, अंगठीचा हात पुढं केला आणि म्हणाले, "नाना, एकदा आमच्या हातावर बोला की."

नानांनी खुशाल हात धरला. वरून पंचा टाकला. आत बराच वेळ काहीतरी चाललं होतं. यांचा चेहरा गंभीर होत गेला, ओठ हलायला लागले, शेवटी म्हणाले, "बारा हजार? नाही, बारा हजार दोनशे?"

"नाय," नाना म्हणाले. "च्या कवा ठेवणार, म्हणून वहिनींना इचारायला सांगितलं."

मी चहा ठेवायला उठले. दार मात्र उघडंच ठेवलं.