काट्यावरचा कुत्रा

नदीकाठच्या भाजीबाजारातला एक भाजीवाला ज्या काट्यावर वांगी तोलत असे, त्याच काट्यावर रोज आपला म्हातारा कुत्रा उचलून ठेवी. नियमांचा हा उघड भंग पाहून मी संतापलो आणि लेखी तक्रारीची तंबी दिली.

"करा की, साहेब," कुत्र्याच्या उघड्या पडलेल्या बरगड्यांवरून हात फिरवत तो म्हणाला. "लय खातो, पण अंगाला लागत नाय. रोज वजन कमीच. काटाच खोटा असंल ना?"

मी काट्यावरचा सरकारी शिक्का तपासला. पिशवीतला मिठाचा सीलबंद पुडा तोलून पाहिला. खोट्या काट्यांविरुद्ध आजवर पुष्कळ अर्ज केले; काटा खोटा निघावा, अशी इच्छा मात्र त्याच दिवशी केली.

काटा चोख होता.

"भाजी झाका," मी म्हणालो, "आणि याला घेऊन आत्ताच डॉक्टरांकडे चला."