नाल्यातली दुसरी वाट

मंडळी, आज मेहकरच्या दिवाणी कोर्टातून डोणगावले परत आली अन् लगेच लिहून राह्यली.

माह्या दिरानं माह्या शेताची वाट काट्या टाकून अडवली, म्हणून मी दावा केला. माहे वकील म्हणाले, "नाल्यातून दुसरी वाट आहे, हे बोलू नका, बाई. नाहीतर दावा पडेल."

साक्षीत मीच सांगून टाकलं, "साहेब, दुसरी वाट हाये. पण पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी असते."

वकिलांनी कपाळाले हात लावला. सबजज्ज साहेबांनी दिराले विचारलं, "पावसाळ्यात तुम्ही तिथून बैलगाडी न्याल?"

दीर खाली पाहून म्हणाला, "नाही."

काट्या काढून निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवायचा हुकूम झाला. वकील अजून रागातच हायेत. राहू द्या. पुढच्या तारखेलेही मी सारं सांगीन. माही बाजू खरी हाये, मग लपवू काऊन? तुम्ही लपवलं असतं काय?